नवरा कोण ते नंतर बघू

कोरियन मालिका बघते म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न भागांच्या संख्येचा असतो. सोळाच? आणि मग संपते? आपल्याकडे संध्याकाळच्या मालिकेत गैरसमजाचं एखादं प्रकरण गणपतीत सुरू होतं आणि संक्रांतीचे हलव्याचे दागिने आले तरी मिटत नाही. त्यामुळे आठ आठवड्यांत गोष्ट आटोपते हे लोकांना खरंच वाटत नाही. मला त्या सोळा आकड्याचं फारसं अप्रूप नाही. अप्रूप आहे ते एकेका भागाच्या ऐसपैसपणाचं. तास, सव्वा तास, कधी दीड तास. आठवड्यातून दोन भाग, तेही लागोपाठच्या रात्री: सोमवार-मंगळवार, बुधवार-गुरुवार, शुक्रवार-शनिवार किंवा शनिवार-रविवार. दर आठवड्याला एका सिनेमाएवढा ऐवज.

ही लांबी कुठून आली याला एक रोखठोक कारण आहे. कोरियात केबीएस, एमबीसी, एसबीएस या जुन्या वाहिन्यांना कार्यक्रम मध्येच थांबवून जाहिरात दाखवायला सत्तरच्या दशकापासून बंदी होती. ती उठली थेट जुलै 2021 मध्ये. म्हणजे कित्येक पिढ्यांच्या लेखकांनी असा भाग लिहिला, ज्याला मध्ये कुठे ब्रेक नाही. ब्रेक नाही म्हणून दर सात-आठ मिनिटांनी कुणाच्या हातातून पूजेचं ताट पडायची गरज नाही. दोन माणसं समोरासमोर बसून नूडल्स खातायत आणि चार मिनिटं काही घडत नाही, हे तिथे चालून जातं. सगळी उत्कंठा साचते ती शेवटच्या मिनिटात. चेहरा थांबतो, गाणं सुरू होतं आणि मालिका तुम्हाला पुढच्या रात्रीपर्यंत किंवा पुढच्या आठवड्यापर्यंत लटकवून निघून जाते. बंदी होती तेव्हाच, 2016-17 च्या सुमाराला, वाहिन्यांनी एका भागाचे पहिला आणि दुसरा असे दोन तुकडे करून मध्ये जाहिराती घुसवायची पळवाट काढली. टीव्हीएनसारख्या केबल वाहिन्यांना ब्रेकची मुभा आधीपासूनच होती, पण भागाचा घाट त्यांनीही जुनाच ठेवला.

दुसरी गोष्ट कमी गोड आहे. या मालिका वर्षानुवर्षं अक्षरशः चालत्या गाडीत तयार व्हायच्या. सुरुवातीचे थोडे भाग हाताशी ठेवून प्रक्षेपण सुरू करायचं आणि मग लेखक लिहितोय, त्याची पानं तुकड्यातुकड्यांनी सेटवर येतायत, त्याच आठवड्यात चित्रीकरण, त्याच दिवशी संकलन. याची किंमत सेटवरच्या माणसांनी झोपेत आणि तब्येतीत मोजली. 2016 मध्ये एका तरुण सहायक दिग्दर्शकाने आत्महत्या केली, तेव्हा ही किंमत पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलली गेली. पुढे आठवड्याला जास्तीत जास्त 52 तास कामाचा कायदा आला आणि हळूहळू टीव्हीच्या धंद्यालाही लागू झाला. आता पुष्कळ मालिका आधी पूर्ण चित्रित होतात. ते बरंच झालं. पण एक लक्षात घ्यायला हवं: त्या जुन्या पद्धतीत सहावा भाग बघून लोक काय बोलले, हे दहावा भाग लिहिणाऱ्याच्या कानावर पडत असे. भागागणिक मत देणं हा तिथे निव्वळ रिकामटेकड्यांचा छंद नव्हता. त्या बोलण्याचा थोडा अंश मालिकेत उतरायचा.

मी भागागणिक लिहिते त्याचं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते मला 'रिप्लाय 1988' बघताना उमगलं.

माझा नियम साधा आहे. भाग संपला की पुढचा लावायचा नाही. पडद्याच्या कोपऱ्यात पाच सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते, ती थांबवायची आणि आधी वही उघडायची. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना लिहायचं. वही यासाठी, की लॅपटॉप उघडला की हात आपोआप नटाचं वय शोधायला जातो.

'रिप्लाय 1988' टीव्हीएनवर 6 नोव्हेंबर 2015 ते 16 जानेवारी 2016 या काळात दर शुक्रवारी-शनिवारी लागली. भाग वीस, आणि बरेचसे दीड तासाच्या घरातले. सोलच्या उत्तरेला दोबोंग भागात स्सांगमुन-दोंग नावाचा मोहल्ला आहे, तिथल्या एका गल्लीत राहणारी पाच कुटुंबं, त्यांची बरोबरीने वाढलेली पाच मुलं आणि ऑलिंपिकचं वर्ष. दिग्दर्शक शिन वॉन-हो आणि लेखिका ली वू-जंग ही दोघंही मूळची मनोरंजनपर कार्यक्रमांतली, म्हणजे ज्याला तिकडे व्हरायटी म्हणतात त्यातली. हे ठाऊक असलं की मालिकेची बांधणी चटकन कळते. प्रत्येक भागाला एक विषय, त्या विषयाभोवती चार-पाच घरांतले छोटे छोटे प्रसंग, मध्येच विनोदाला ठेका म्हणून बकरीचं बें-बें. पहिल्यांदा ती बकरी ऐकून सासूबाईंनी खिडकीतून खाली बघितलं होतं.

पहिल्याच भागात संध्याकाळी जेवणाच्या वेळी गल्लीत एक धावपळ होते. एका घरातून भाजीचं भांडं घेऊन मुलगा शेजारी जातो. तिथली बाई त्याच्या हातात आपल्याकडचं काहीतरी ठेवते. ते घेऊन तो घरी येतो तोवर दुसरीकडून तिसरं काही आलेलं. मुलं एकमेकांना वाटेत भेटत, हातातली भांडी सावरत नुसती पळतायत. अखेर प्रत्येक घरात सगळ्यांचंच सगळं जेवण, आणि एक मुलगा वैतागून विचारतो की मग एकत्रच का नाही जेवत. यात कथानक पुढे सरकत नाही. नायिका कुणाच्या प्रेमात पडत नाही. पण गल्लीत कोण राहतं, कुणाकडे काय शिजतं, कुणाच्या घरी शिजवणारं माणूस नाही, हे सगळं त्या पाचेक मिनिटांत कळतं. घड्याळ-दागिन्यांचं दुकान चालवणाऱ्या चोई मू-सॉंगच्या घरी बाई नाही. तो आणि त्याचा अबोल मुलगा थेक, जो बादुक म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या 'गो' या पटावरच्या खेळातला देशातला पहिल्या फळीचा खेळाडू आहे आणि ज्याला धड बुटाची नाडी बांधता येत नाही. त्यांच्या टेबलावर जे येतं ते शेजारून.

त्याच भागात नायिका डॉकसॉनचा वाढदिवस. ती मधली. थोरल्या बोराचा वाढदिवस तिच्या आधी तीन दिवस, म्हणून दरवर्षी एकाच केकवर दोघींचं भागवायचं: थोरलीने फुंकर मारली की मेणबत्त्या कमी करून तोच केक धाकटीपुढे. यंदा ती फुटते. अंडं नेहमी ताईला आणि भावाला का, कोंबडीची तंगडी त्यांनाच का, मी काय वाटेवर पडलेय का. मग रात्री बाप वेगळा केक घेऊन गल्लीत तिच्या शेजारी बसतो आणि सांगतो की मीही जन्मतः बाप नव्हतो, बाप व्हायची माझीही पहिलीच खेप आहे. हा प्रसंग जगभर गाजला. इंटरनेटवर कुठेही सापडेल. मला त्या भागात जास्त लक्षात राहिला तो बापाच्या परिस्थितीचा तपशील. तो बँकेत नोकरीला आहे, पगार बरा आहे. मित्राला जामीन राहिला आणि बुडाला, म्हणून हे कुटुंब दुसऱ्याच्या घराच्या अर्ध-तळघरात राहतं. वरच्या मजल्यावर घरमालक किम, ज्यांच्या थोरल्या मुलाला ऑलिंपिकची लॉटरी लागली आणि रातोरात घर पालटलं. म्हणजे एक घर जामीनकीने खाली गेलं, एक लॉटरीने वर आलं, आणि दोन्ही बायका संध्याकाळी गल्लीतल्या एकाच बाकड्यावर बसून भाजी निवडतात. डॉकसॉनला अंडं का मिळत नाही याचं उत्तर त्या जामीनकीत आहे.

आता पूर्ण मालिका बघून लिहिलेली परीक्षणं वाचून पाहा. कथासूत्र, नायक-नायिका, अभिनय, संगीत, शेवट पटला की नाही. साधारण तीस तासांचा ऐवज सातशे शब्दांत बसवायचा तर आधी घराबाहेर कुणाला काढणार? शेजाऱ्यांना. त्या परीक्षणांत भाजीचं भांडं 'त्या काळातला जिव्हाळा' अशा तीन शब्दांत आटोपतं. पाचव्या भागातली किम सॉन-यंग तर नावापुरतीसुद्धा उरत नाही.

म्हणून पाचव्या भागाबद्दल जरा सविस्तर सांगते. सॉन-यंग विधवा आहे. मोठा मुलगा सॉनू, धाकटी चिमुरडी जिन-जू आणि नवऱ्याच्या तुटपुंज्या पेन्शनीवर चालणारं घर. एक दिवस गावाहून आईचा निरोप येतो: येतेय. झालं. सॉन-यंग गल्लीभर फिरते. कुणाकडून चांगले कोळसे, कुणाकडून खाण्यापिण्याचं, कुणाकडून आणखी काही. घर भरलेलं दिसलं पाहिजे. मुलांना नीट कपडे. आई येते, बसते, बघते, काही बोलत नाही आणि निघून जाते. मग सॉन-यंगला पैशांचं पाकीट आणि चिठ्ठी सापडते. आईला सगळं कळलेलं असतं. ती आईला फोन लावते, सगळं छान चाललंय अशा आवाजात सुरुवात करायला जाते आणि 'आई' या पहिल्याच शब्दावर तिचा बांध फुटतो. एरवी सतत ओरडणारी, हसणारी, पोराच्या पाठीत धपाटे घालणारी बाई.

त्याच भागात बोरा मोर्चात सापडून पोलिसांच्या ताब्यात जाते. 1987 च्या जूनमधल्या आंदोलनाने लष्करी राजवटीला थेट निवडणूक घ्यायला लावली होती, पण 1988 मध्येही विद्यापीठं शांत नव्हती, आणि बोरा सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकते. तिची आई भर पावसात पोलिसांपुढे उभी राहून आपली मुलगी किती गुणी आहे ते सांगत सुटते. शिष्यवृत्ती मिळवते, घरचं बघते, कधी काही मागितलं नाही. तिच्या पायाच्या बोटातून रक्त येतंय, आणि ते बोराला दिसतं. आदल्या क्षणापर्यंत माफी न मागणारी मुलगी माफी मागते.

एका भागात दोन आया. एक आपल्या आईपासून लपवतेय, एक आपल्या मुलीची वकिली करतेय. हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवले म्हणून जे घडलं ते त्या भागाच्या चौकटीत घडलं. वीस भागांचं एकत्र परीक्षण लिहिताना हे शेजारपण मोडतं: पहिला प्रसंग 'गरिबी'च्या खात्यात जातो, दुसरा 'राजकीय पार्श्वभूमी'च्या.

आणि इथेच माझी या मालिकेबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार. भागाच्या अखेरीस कुणीतरी पार्श्वभूमीवरून बोलू लागतं. देव सगळीकडे पोचू शकत नाही म्हणून त्याने आई निर्माण केली, अशा छापाचं काहीतरी. अरे, आत्ता तर दाखवलंत ना! दीड तास खपून एवढं सुंदर घडवलं आणि शेवटी त्यावर शाळेच्या फळ्यावरचा सुविचार लिहिला. दुसऱ्या भागात डॉकसॉनची आजी वारते. गावी मयताच्या घरात मोठी माणसं पत्ते कुटतात, पितात, हसतात, पाहुण्यांना वाढतात, आणि मुलं अवाक होऊन बघत राहतात: यांना काहीच कसं वाटत नाही? मग रात्री अमेरिकेहून सगळ्यात थोरला भाऊ येतो, आणि ती सगळी हसणारी भावंडं त्याच्या गळ्यात पडून लहान पोरांसारखी रडतात. यावर निवेदनाची काय गरज होती? तरीही ते येतंच. मी वहीत प्रत्येक भागाखाली निवेदन किती आधी बंद करायला हवं होतं ते लिहायला लागले.

ही मालिका मी एकटीने बघितली नाही. सासूबाई शेजारी बसायच्या. पडद्यावरची इंग्रजी वाक्यं त्यांना वाचवत नाहीत, मग मी मराठीत सांगत जायचे, आणि जिथे मी गप्प बसले तिथे त्या आपल्या मनाने संवाद घालायच्या. ते मूळ संवादांपेक्षा पुष्कळदा वाईट नसत. सॉन-यंगचा तो भाग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते, तर त्या ओट्याशी येऊन म्हणाल्या, "अगं, तिने ते उसने आणलेले कोळसे परत दिले का गं?"

मी म्हटलं, "ते नाही दाखवलं, आई."

"द्यायला हवेत. आईने पैसे ठेवलेत ना. आधी कोळसे द्यावेत, मग बाकीचं."

जगभरात ज्यांनी ही मालिका बघितली त्यांतल्या बहुतेकांना त्या वेळी एकच प्रश्न पडला होता, आणि तो कोळशाचा नव्हता. 'रिप्लाय' मालिकांचं एक ठरलेलं कोडं असतं. 2012 च्या 'रिप्लाय 1997' मध्ये होतं, 2013 च्या 'रिप्लाय 1994' मध्ये होतं. गोष्ट नायिकेच्या पुढच्या आयुष्यातून मागे वळून सांगितली जाते, आणि तरुणपणीच्या मुलांपैकी तिचा नवरा नेमका कोण ते शेवटापर्यंत लपवलेलं असतं. 1988 मध्ये दोन उमेदवार: घरमालकांचा धाकटा, तोंडाने फटकळ आणि मनाने हळवा जंगह्वान, आणि बादुकवाला थेक. 2015-16 च्या हिवाळ्यात कोरियात यावरून दोन तट पडले. जंगह्वानची भूमिका करणाऱ्या र्यू जुन-योलच्या आडनावावरून 'काही झालं तरी नवरा र्यूच' असं म्हणणारे एकीकडे, 'काही झालं तरी थेकच' म्हणणारे दुसरीकडे. त्यात नववर्षाच्या आठवड्यात मालिकेने सुट्टी घेतली आणि लोकांना तर्क लढवायला आणखी एक मोकळा आठवडा मिळाला. शेवटच्या भागाचा प्रेक्षकवाटा 18.8 टक्क्यांवर गेला. कोरियन केबल वाहिनीवरच्या मालिकेला तोपर्यंत एवढा कधी मिळाला नव्हता.

मला हे कोडं मालिकेतला सगळ्यात कच्चा धागा वाटतो. मध्यमवयातल्या नवऱ्याचं काम किम जू-ह्योक या गुणी नटाने केलंय (2017 मध्ये ते अपघातात गेले). त्यांचं ते तिरकस बोलणं, बायकोची फिरकी घेणं सगळं जंगह्वानच्या वळणाचं आहे, आणि उत्तर निघतं थेक. चकवा द्यायचा म्हणून माणसाचा स्वभावच वाकवला की पुन्हा बघताना ती दृश्यं खोटी वाटतात. शिवाय शेवटच्या पाच-सहा भागांत हा चकवा टिकवण्यासाठी जंगह्वानला वायुदलात पाठवून चक्क अडगळीत टाकलंय.

तरी अठरावा भाग मी कुणालाही दाखवेन. गाण्याच्या कार्यक्रमाला डॉकसॉन एकटीच गेलीय हे कळल्यावर जंगह्वान गाडी घेऊन निघतो, प्रत्येक सिग्नल लाल लागतो, तो पोचतो तेव्हा थेक आधीच तिथे उभा आहे. थेक महत्त्वाचा सामना सोडून आलाय. जंगह्वानला कळतं की दोष सिग्नलचा नव्हता, आपल्या सगळ्या घुटमळण्याचा होता. पुढे मित्रांसमोर तो डॉकसॉनला आपल्या मनातलं सगळं सांगतो, अंगठीसुद्धा समोर ठेवतो आणि मग ती सगळी मस्करी होती असं भासवतो. या भागाबद्दल लिहिताना नवरा कोण हा प्रश्न मला वहीत लिहावासाच वाटला नाही. एक मुलगा वेळेवर बोलला नाही, एवढंच त्यात आहे आणि ते पुरेसं आहे.

सासूबाईंचा आक्षेप वेगळाच निघाला. सॉन-यंग आणि मू-सॉंग, म्हणजे सॉनूची विधवा आई आणि थेकचे विधुर वडील, पुढे एकत्र येतात. सॉनूचं बोराशी जमतं, थेकचं डॉकसॉनशी. "म्हणजे दोघी बहिणी जावा झाल्या की!" त्या म्हणाल्या, आणि पुढे बोराच्या नि डॉकसॉनच्या भांडणांचा इतिहास मला उजळणीसकट ऐकवला.

बोरा आणि सॉनूच्या लग्नात तर कायदाच आडवा होता. दोघांचं आडनाव सॉंग आणि कुळाचं मूळगावही एकच. अशा लग्नाला कोरियाच्या नागरी कायद्यात मनाई होती. 1997 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती तरतूद घटनेशी विसंगत ठरवली आणि 2005 मध्ये कायदा बदलला. आपल्याकडे सगोत्र विवाहाची कायदेशीर अडचण 1946 च्या कायद्याने काढून टाकली, घराघरातली अडचण त्यानंतरही राहिली. म्हणून बोराच्या आईचा विरोध मराठी बाईला समजावून सांगावा लागत नाही. नातं काही नाही, रक्त काही नाही, पण 'लोक काय म्हणतील'ला तेवढं पुरतं.

इथे एक सांगायला हवं. ही गल्ली बघून आपल्याकडच्या पुष्कळांना चाळ आठवते. मला तितकीशी नाही आठवत. चाळीत गॅलरी सामायिक असते, नळ सामायिक, भांडणही सामायिक, आणि खोल्या साधारण एकाच मापाच्या. स्सांगमुन-दोंगच्या त्या गल्लीत प्रत्येक घराला फाटक आहे आणि त्या फाटकांच्या आत वर-खाली आहे. जंगह्वानची आई रा मी-रान श्रीमंत झाली तरी बाकड्यावर येऊन बसते, हे तिचं मोठेपण आहे, व्यवस्थेचं नाही. मालिकेला ते कळतं म्हणून ती बाई मला सगळ्यांत आवडते. पासपोर्टचं काम निघतं तेव्हा मुलगा फोनवर तिला त्यावरची इंग्रजी अक्षरं वाचून दाखवायला सांगतो. ती वेळ काढते, विषय बदलते आणि अखेर हळूच सांगते की मला इंग्रजी वाचता येत नाही. पैशाने पासपोर्ट मिळतो, मुळाक्षरं मागाहून मिळत नाहीत. एरवी बिबट्याच्या ठिपक्यांचे कपडे घालून गल्ली गाजवणारी बाई त्या फोनवर इतकी लहान होते की मला क्षणभर भाषांतर सुचेना. सासूबाईंनी विचारलंही नाही.

याच स्सांगमुन-दोंगमधला आणखी एक माणूस जगाला ठाऊक आहे: जीवघेण्या खेळांच्या 'स्क्विड गेम' या मालिकेतला कर्जबाजारी सॉंग गी-हुन. त्याचा बालमित्र सांग-वू हा त्या मोहल्ल्याची शान, सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत गेलेला. दोघं लहानपणी एकाच गल्लीत खेळलेले, पुढे एकमेकांच्या जिवावर उठतात. 17 सप्टेंबर 2021 ला नेटफ्लिक्सने त्या मालिकेचे नऊच्या नऊ भाग एका दिवसात ओतले आणि लोकांनी रात्रीतून संपवले. तिच्यातही शेजारी आहेत, आया आहेत, उसने पैसे आहेत. पण एका बैठकीत नऊ भाग बघितले की सहाव्या भागातल्या म्हाताऱ्याशी झालेला गोट्यांचा डाव आणि नवव्यातला शेवट यांच्यात झोपसुद्धा येत नाही, विचार तर दूरच.

म्हणून मार्च 2025 मध्ये नेटफ्लिक्सनेच जेजू बेटावरची 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' ही मालिका सगळी एकदम न देता चार शुक्रवारी चार-चार भाग अशी दिली, तेव्हा मला बरं वाटलं. वसंत ते हिवाळा असे चार ऋतू, आठवड्याला एक. थेक झालेला पार्क बो-गमच तिच्यात तरुणपणीचा नायक ग्वान-शिक आहे. चार भाग एका वेळी हेही मला जास्तच झाले, पण समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या बायकांबद्दल एक अख्खा आठवडा बोलता आलं. नायिकेच्या, पहिल्याच भागात वारणाऱ्या आईला एका दमात सोळा भाग बघणाऱ्याने दहाव्यापर्यंत मागे टाकलेलं असतं. आमच्या घरात ती शुक्रवार ते शुक्रवार राहिली.

'रिप्लाय'च्या विसाव्या भागाची वही उघडून बघितली तर नवऱ्याच्या कोड्याबद्दल दीड ओळ आहे. बाकी सगळं बुटांबद्दल. बोराने लग्नात घालायला बापाला बूट घेतले, ते मोठे झाले. तो काही बोलला नाही. आत कागद कोंबून लेकीचा हात धरून चालला. लेकीला मागून त्याची टाच सुटलेली दिसली. लेकीने आयुष्यात बापाच्या पायाचं माप कधी विचारलं नव्हतं, हे या बुटांनी एका ओळीत सांगितलं. निवेदन इथेही आहेच. मी आवाज बंद केला.

आता पुढची 'मिसेंग' लावायची ठरवलीय. 2014 ची, टीव्हीएनचीच, वीस भाग, आणि दिग्दर्शक किम वॉन-सॉक, ज्यांनी पुढे ती जेजूची मालिका केली. त्यात बादुकचा व्यावसायिक खेळाडू होऊ न शकलेला एक मुलगा एका व्यापारी कंपनीत उमेदवारी करायला लागतो. थेक ज्या खेळात जिंकला त्याच खेळात हरलेला, असं मी सासूबाईंना समजावून सांगितलं. सगळी गोष्ट ऑफिसात घडते हे ऐकून त्यांचा चेहरा पडला.

"स्वयंपाक करणारं कुणी आहे का त्यात?"

"आहे ना. त्याची आई आहे घरी."

"मग लाव," त्या म्हणाल्या. "पण रोज एकच हं. मागच्या वेळी तू शेवटी शेवटी घाई केलीस."